नाझींचे कागद: काय जळलं, काय उरलं आणि ते वाचायचं कसं?

काळीशाई

परवा इथल्याच एका धाग्यावर 'गेस्टापोचे (नाझींच्या गुप्त पोलिसांचे) हेर घराघरात होते' असं वाक्य वाचलं. तिथे उत्तर दिलं असतं तर तो धागा भलतीकडेच भरकटला असता, म्हणून हा वेगळा धागा. मी इतिहासकार नाही. जर्मनीत राहते, जुन्या वळणाचं जर्मन हस्ताक्षर वाचता येतं, त्यामुळे ओळखीतले लोक आजी-आजोबांचे कागद घेऊन येतात. त्यातूनच अभिलेखागारांचं वेड लागलं.

तर वुर्त्सबुर्ग, बव्हेरियातलं एक शहर. १९३७ साली तिथल्या गेस्टापो कचेरीच्या अखत्यारीत आजूबाजूचा अख्खा लोअर फ्रँकोनिया प्रांत होता. लोकसंख्या साधारण ८ लाख ४० हजार. गेस्टापोची माणसं किती? २८. त्यातली २२ वुर्त्सबुर्ग शहरातच बसायची. म्हणजे बाकी सगळ्या खेड्यापाड्यांना आणि द्राक्षमळ्यांच्या गावांना मिळून सहा जण. घराघरात हेर कुठून आणणार?

हे आज कळतं, कारण या कचेरीच्या फायली जळण्यातून वाचल्या. १९४५ मध्ये दोस्त सैन्य जवळ आलं तसे सगळीकडे कागद जाळायचे हुकूम सुटले, आणि बहुतेक कचेऱ्यांनी ते इमानेइतबारे पाळले. गेस्टापोच्या व्यक्तिगत फायलींचे मोठे साठे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले. ड्युसलडॉर्फचा सगळ्यात मोठा, जवळपास ७०,००० फायली, आता डुइसबुर्गच्या अभिलेखागारात. वुर्त्सबुर्गच्या अठरा-एकोणीस हजारांच्या घरात. तिसरा श्पायरचा. गेस्टापोच्या रोजच्या कामाबद्दल जे काही लिहिलं जातं, त्याचा पाया प्रामुख्याने या तीन साठ्यांवर उभा आहे.

वुर्त्सबुर्गच्या फायलींमधली एक इल्झे सोन्या टोट्स्के हिची. संगीत शिकायला शहरात आलेली मुलगी. कुठल्या पक्षात नाही, चळवळीत नाही. एकटी राहायची, लोकांत फारशी मिसळायची नाही, ज्यू मैत्रिणींकडे जायची-यायची. फाइल जाड होत गेली ती शेजाऱ्यापाजाऱ्यांमुळे. १९४० साली शेजारची एक विशीतली मुलगी आपणहून येऊन जबाब देते. ही बाई 'हाइल हिटलर'ला उत्तर देत नाही, हिच्याकडे एक ज्यू दिसणारी बाई येते, एकूण मला संशयास्पद वाटते. खाली सही. मुलीवर कुणी दबाव आणल्याचं फाइलमध्ये कुठे दिसत नाही. गेस्टापोने टोट्स्केला बोलावून दम दिला. पुढे १९४३ मध्ये ती रूथ बासिन्स्की या ज्यू मैत्रिणीला घेऊन स्वित्झर्लंडमध्ये शिरली. स्विस पहाऱ्यावाल्यांनी दोघींना परत जर्मनांच्या हवाली केलं. तिचा शेवटचा जबाब वाचताना मी खुर्चीत सरळ होऊन बसले. हिटलरच्या राज्यात मला बरं वाटत नाही, न्युरेंबर्गचे (ज्यूविरोधी) कायदे माझ्या डोक्यात शिरत नाहीत, म्हणून मी ज्यू ओळखी तोडल्या नाहीत, असं तिने गेस्टापोच्याच टंकलेखकाला लिहून घ्यायला लावलं. तिची रवानगी राव्हेन्सब्र्युकच्या छळछावणीत झाली, रूथची आउश्वित्झला. दोघीही वाचल्या.

फाइल वाचताना मी एक सवय लावून घेतली आहे. हा कागद कुणी लिहिला, कुणासाठी, आणि तो पोचल्यावर पुढे काय व्हावं अशी लिहिणाऱ्याची अपेक्षा होती, हे आधी बघायचं. मजकूर मग. शेजारणीच्या जबाबात टोट्स्के कशी होती यापेक्षा १९४० साली कुठली तक्रार 'चालत' होती हे जास्त स्पष्ट दिसतं.

प्रचारखात्याच्या आणि लष्कराच्या कागदांवरही लिहायचं आहे, पण बोटं दुखली. प्रतिसादांतून लिहीन.

सह्यकडा

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत!

प्रश्न: एवढी शिस्तीची माणसं, मग पुरावे मागे ठेवलेच कसे? जाळायला काय लागतं?

काळीशाई

@सह्यकडा, कागद जाळणं वाटतं तितकं सोपं नसतं. एकेका कचेरीत टनावारी कागद, आणि गठ्ठा नीट पेटतही नाही. आणि प्रत्येक कागदाच्या प्रती. एक वर, एक खाली, एक शेजारच्या खात्याला. एका कचेरीने आपली प्रत जाळली तरी दुसरीच्या कपाटात ती असतेच. शिवाय जाळायचं की नाही हे शेवटी तिथला माणूस ठरवतो. हवाई दलाने आपले बहुतेक कागद संपवले. नौदलाचा अभिलेख मात्र कोबुर्गजवळच्या टाम्बाख किल्ल्यात जवळजवळ अख्खा सापडला.

सगळ्यात भारी किस्सा नाझी पक्षाच्या सभासद-कार्डांचा. म्युनिकच्या मुख्यालयातली लाखो कार्डं शेवटच्या आठवड्यांत लगदा करायला शहराबाहेर फ्रायमानच्या कागद गिरणीत पाठवली. गिरणीचे हान्स हुबर यांनी ती यंत्रात घातलीच नाहीत, रद्दीच्या ढिगाखाली दडवून ठेवली. अमेरिकन सैन्याला त्यांचं महत्त्व कळेपर्यंत काही महिने गेले. मग ती बर्लिनला गेली. तिथे अमेरिकेने दस्तऐवज केंद्र उघडलं आणि १९९४ साली ते जर्मनीच्या ताब्यात दिलं. आज उरलेली कार्डं एक कोटीच्या वर आहेत. युद्धानंतर 'मी कुठे होतो पक्षात!' म्हणणाऱ्या कितीतरी प्राध्यापक-न्यायाधीश-मंत्र्यांची पंचाईत याच कार्डांनी केली.

भोचक भवानी

शेजारणीचा जबाब वाचून आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीकडे येणारे अर्ज डोळ्यांपुढे आले. 'तिसऱ्या मजल्यावरच्या मुलीकडे रात्री कोण येतं, याची चौकशी व्हावी ही नम्र विनंती.' फरक एवढाच की आमच्या सेक्रेटरीकडे छळछावणी नाही. (नशीब.)

विदाप्रेमी

लेख छान, पण थोडं थांबा. 'हेर नव्हते, शेजारीच चुगल्या करत होते' हा निष्कर्ष आता फार गुळगुळीत झालाय. इतिहासकार रॉबर्ट गेलेटली यांनी वुर्त्सबुर्गच्या फायली चाळून हे पुढे आणलं हे मान्य. ज्यूंशी मैत्री किंवा संबंध ठेवल्याच्या १७५ फायली, त्यातल्या ५७ टक्के लोकांच्या तक्रारींतून सुरू झालेल्या. पण राइनहार्ड मान यांनी ड्युसलडॉर्फच्या ८२५ फायलींचा नमुना घेतला, तिथे हाच आकडा २६ टक्के येतो. मग खरं काय धरायचं?

आणि दुसरं. कम्युनिस्टांना शेजाऱ्यांनी पकडून दिलं नाही. १९३३-३५ मध्ये गेस्टापोने खबरे पेरून, एकाला पकडून त्याच्याकडून दुसऱ्याचं नाव काढून त्यांची संघटना खिळखिळी केली. तिथे २८ माणसं पुरली, कारण त्यांचं लक्ष सगळीकडे नव्हतंच. कुणाला उचलायचं हे आधी ठरलेलं होतं. एरिक जॉन्सन यांनी क्रेफेल्डच्या फायलींवरून हेच मांडलंय. ज्यू, कम्युनिस्ट, यहोवाचे साक्षीदार (एक ख्रिस्ती पंथ) यांच्यावर गेस्टापो स्वतः तुटून पडायची. सामान्य जर्मन माणसाने दारूच्या नशेत हिटलरवर विनोद केला आणि कुणी चुगली केली, तर बहुतेक वेळा दम देऊन सोडून द्यायची.

काळीशाई

@विदाप्रेमी, तुम्ही येणार याची खात्री होती :)

जॉन्सन यांचा मुद्दा मला पटतो. टक्केवारीच्या भांडणात माझं मत असं: ५७ आणि २६ ही एकाच गोष्टीची दोन मापं नाहीतच. वुर्त्सबुर्गच्या त्या १७५ फायली एकाच प्रकारच्या 'गुन्ह्या'च्या आहेत. मैत्री, प्रेम, येणं-जाणं. बंद दारामागचं शेजाऱ्याशिवाय कुणाला दिसणार? मान यांच्या नमुन्यात तऱ्हेतऱ्हेची प्रकरणं आहेत. गुन्ह्याचा प्रकार बदलला की बातमी येण्याची वाटही बदलते.

आणि फाइलवर 'जनतेकडून माहिती' असा शेरा दिसला तरी त्यामागे पगारी खबऱ्या नसेलच असं नाही. आपला खबऱ्या झाकून ठेवायची गरज कुठल्याही पोलीस खात्याला असतेच.

उलटा_चष्मा

सगळं ठीक आहे, पण इतिहास जेते लिहितात. हे कागद अमेरिकेने नेले, वर्षानुवर्षं आपल्याकडे ठेवले, मग परत दिले. मधल्या काळात काय घातलं, काय काढलं कुणास ठाऊक. आपल्याकडे फूटपाथवर हिटलरचं आत्मचरित्र धडाधड खपतं ते उगाच नाही, लोकांना दुसरी बाजूही ऐकायची असते.

भोचक भवानी

फूटपाथवर 'तीस दिवसांत करोडपती'सुद्धा धडाधड खपतं हो.

काळीशाई

@उलटा_चष्मा, 'कुणास ठाऊक'वर सोडून देऊ नका, तपासता येतं. एक उदाहरण देते, वही-पेन घेऊन बसा.

११ जानेवारी १९४३. पोलंडमधल्या लुब्लिनहून एसएसचा (छावण्या चालवणाऱ्या नाझी संघटनेचा) अधिकारी हेर्मान ह्योफले बिनतारी संदेश पाठवतो. १९४२ अखेरपर्यंत चार छावण्यांत किती 'आवक' झाली, म्हणजे किती ज्यू आणले गेले, त्याची बेरीज. ठिकाणांची नुसती आद्याक्षरं: एल, बी, एस, टी. म्हणजे लुब्लिन (मायडानेक), बेल्झेक, सोबिबोर, ट्रेब्लिंका. ब्रिटिशांच्या ब्लेचली पार्क या गुप्तसंदेश उलगडणाऱ्या केंद्राने हा संदेश हवेतून टिपला, उलगडला आणि फायलीत लावून ठेवला. आद्याक्षरांचा अर्थ तेव्हा कुणाच्या लक्षात आला असं दिसत नाही. लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारातल्या गठ्ठ्यात तो २००० साली संशोधकांच्या हाती लागला.

आकडे असे: एल २४,७३३. बी ४,३४,५०८. एस १,०१,३७०. टी ७१,३५५. एकूण १२,७४,१६६.

करा बेरीज. जुळत नाही ना? एकुणातून पहिले तीन वजा केले की उरतात ७,१३,५५५. म्हणजे टी-पुढचा शेवटचा एक ५ कुठेतरी गळला. पाठवणाऱ्याकडून, ऐकणाऱ्याकडून किंवा टंकणाऱ्याकडून.

आता दुसरा कागद. एसएसचा संख्याशास्त्रज्ञ रिचर्ड कोरहेर याने मार्च १९४३ मध्ये एसएसप्रमुख हिमलरसाठी अहवाल केला. तो युद्धानंतर लगेच जर्मन कागदांत सापडला. पोलंडच्या त्या भागातल्या छावण्यांपुढे आकडा आहे १२,७४,१६६. शेवटच्या अंकापर्यंत तोच.

एक कागद जर्मन कपाटातून, १९४५ ला. दुसरा ब्रिटिशांनी युद्धातच हवेतून पकडलेला आणि पुढची पन्नासहून जास्त वर्षं कुणाला न समजलेला. ज्याला बनाव करायचा असेल, तो दोन्हीकडे आकडा पेरून वर एक ५ गाळेल आणि अर्धशतक गप्प बसेल?

त्याच कोरहेर अहवालाची आणखी एक गंमत (शब्द चुकीचा आहे, पण दुसरा सुचत नाही). एप्रिल १९४३ मध्ये हिमलरच्या कचेरीतून कोरहेरला पत्र गेलं: ज्यूंच्या बाबतीत 'विशेष वागणूक' (ठार मारण्यासाठीचा सांकेतिक शब्द) हे शब्द कुठेही नकोत. त्या जागी लिहा, पूर्वेकडे पाठवताना इतके जण 'छावण्यांमधून पार केले'. आकडा तोच ठेवला, भोवतालची वाक्यं बदलून घेतली. घालणं-काढणं झालं ते असं, आणि त्याचं पत्रही फाइलमध्ये आहे.

सह्यकडा

बेरीज करून पाहिली. दंडवत.

तोफखाना

निवृत्त माणूस आहे, नावावरून शाखा ओळखा. लष्करी कागदांबद्दल थोडं लिहितो, काळीशाई ताईंची परवानगी गृहीत धरून.

जर्मन सैन्यात डिव्हिजन आणि तिच्या वरच्या प्रत्येक मुख्यालयाची युद्धडायरी असे आणि तिला परिशिष्टांचे गठ्ठे. विभाग ठरलेले. '१-ए' लढाईचं नियोजन, '१-बी' पुरवठा, '१-सी' शत्रूची बातमी. आघाडीच्या मागच्या प्रदेशात एक 'सात' क्रमांकाचा विभाग असे, तो म्हणजे लष्करी मुलकी कारभार. ताब्यातल्या गावांचे सरपंच नेमणे, धान्यवसुली, ओळखपत्रं, संचारबंदी, ज्यूंनी कोणती खूण लावायची याचे आदेश. सगळं याच विभागातून. लोक लढायांचे नकाशे बघायला '१-ए' उघडतात. मी म्हणेन आधी 'सात' उघडा. ताब्यातल्या गावात रोज काय चाललं होतं ते तिथे कळतं.

हे कागद अमेरिकेने व्हर्जिनियातल्या अलेक्झांड्रियात एका जुन्या टॉर्पेडो कारखान्यात ठेवले होते. परत करण्याआधी त्यांच्या मायक्रोफिल्म काढल्या. मागच्या भागातल्या आणि व्याप्त प्रदेशातल्या मुख्यालयांची मालिका 'टी-५०१', डिव्हिजनची 'टी-३१५'. मूळ कागद आता फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात. फिल्म अमेरिकेत, मूळ जर्मनीत. उलटा_चष्मा यांनी दोन्ही पानं शेजारी-शेजारी लावून बघावीत.

पण डायरी लिहिणाराही माणूसच, आणि त्याला वरिष्ठ असतात. २७ जून १९४१, बियालिस्टोक. २२१ क्रमांकाच्या सुरक्षा डिव्हिजनच्या हाताखाली ३०९ क्रमांकाची पोलीस बटालियन होती. त्यांनी ज्यू वस्तीत कत्तल केली, किमान ७०० माणसं मोठ्या सिनेगॉगमध्ये कोंडून ते पेटवलं. आग शहरात पसरली. दुसऱ्या दिवशी डिव्हिजनच्या जनरलने जाब विचारला, तेव्हा बटालियनकडून वर गेला तो बनावट अहवाल. आम्ही सेवेत असताना म्हणायचो, अहवालात काय लिहिलंय ते सगळे वाचतात, तो किती वाजता आणि कुणी मागितल्यावर लिहिला ते बघा. साठच्या दशकात पश्चिम जर्मनीत याच बटालियनच्या माणसांवर खटला चालला तेव्हा साक्षींतून चित्र उलगडलं.

काळीशाई

तोफखाना काका, सुंदर प्रतिसाद. परवानगी कसली मागता!

प्रचाराचं राहिलं होतं, थोडक्यात लिहिते. बर्लिनमध्ये रोज सरकारी पत्रकार परिषद व्हायची. तिथे काय छापायचं, काय नाही, कितव्या पानावर आणि केवढ्या मथळ्यात, याच्या सूचना मिळत. सूचना गुप्त. कागद नष्ट करायचा हा नियम. परदेशी पत्रकारांना त्या पुरवल्याबद्दल वाल्टर श्वेर्टफेगर या पत्रकाराला १९३६ साली जन्मठेप झाली. तरीही फ्रिट्झ झेंगर यांच्यासारख्या काही पत्रकारांनी आपल्याकडच्या सूचना धोका पत्करून जपल्या. आज ते साठे जर्मनीच्या संघीय अभिलेखागारात आहेत.

१९३५ मधली एक सूचना माझी आवडती. मेजवानीत बाटल्यांच्या रांगेसमोर बसलेल्या मंत्र्यांचे फोटो यापुढे छापू नयेत. कारण? मंत्रिमंडळातले बरेच जण मद्य घेत नाहीत, पण अशा फोटोंमुळे सरकार चैन करतंय असा जनतेचा गैरसमज होतो. वृत्तपत्रांत जे छापून आलं ते वाचून नाझी काळ समजत नाही, आणि काय छापू नये हे वाचलं की बराच समजतो.

याच्या जोडीला एसडीचे, म्हणजे एसएसच्या गुप्तवार्ता शाखेचे, 'जनमत अहवाल'. लोक रांगेत काय कुजबुजतात, चित्रपटगृहात वार्तापट लागल्यावर कोण हसतं, कोण उठून जातं. स्टालिनग्राडच्या पराभवानंतर हे अहवाल इतके निराशाजनक होऊ लागले की पक्षातल्या वरच्या मंडळींना ते सोसेनात, आणि १९४४ च्या उन्हाळ्यात ते बंदच पडले. हे काम ज्याच्या हाताखाली चालायचं तो ओटो ओलेनडॉर्फ हा सुशिक्षित, नीटनेटका माणूस. मध्ये वर्षभर तो दक्षिण युक्रेन आणि क्रिमियात एका मारेकरी पथकाचा प्रमुख होता. त्या पथकाने साधारण ९०,००० माणसं मारल्याचं त्याने न्युरेंबर्गच्या खटल्यात शांतपणे सांगितलं. १९५१ मध्ये फाशी गेला. त्याच्या खात्याने जमवलेलं 'जनमत' वाचताना हे विसरू नये, एवढंच.

माळ्यावरची_ट्रंक

धागा चार दिवस वाचतेय, आज खाते उघडलं. माझे पणजोबा सातारा जिल्ह्यातले, मराठा पलटणीत होते. घरात एवढंच सांगतात की 'तोब्रुकला पकडले गेले, मग इटलीत आणि मग जर्मनीत होते'. त्यांच्याबद्दल जर्मन कागदांत काही मिळेल का? घरातले एक काका म्हणतात ते नेताजींच्या फौजेत गेले होते, दुसरे म्हणतात अजिबात नाही.

तोफखाना

ताई, तोब्रुक म्हणजे बहुधा पाचव्या मराठाची दुसरी बटालियन. ११ व्या भारतीय ब्रिगेडमध्ये होती. २१ जून १९४२ ला तोब्रुक पडलं तेव्हा ब्रिगेडसकट कैद झाली. कैदी आधी इटालियन ताब्यात असत. सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शरणागती पत्करल्यावर जे निसटू शकले नाहीत ते जर्मनीत नेले गेले. तुमच्या घरातली हकिगत याच्याशी बरोबर जुळते.

काळीशाई

@माळ्यावरची_ट्रंक, स्वागत! दोन्ही काकांचं भांडण कागदावर सुटू शकतं. लगेच सुटेलच असं नाही.

जर्मन छावणीत आलेल्या प्रत्येक कैद्याचं कार्ड भरलं जायचं. ब्रिटिश आणि राष्ट्रकुलातल्या कैद्यांची उरलेली कार्डं लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात 'डब्ल्यूओ ४१६' या मालिकेत आहेत. सगळ्यांची नाहीत, म्हणून कार्ड नाही मिळालं तर त्यावरून काहीच ठरवू नका. नाव शोधताना स्पेलिंग सैल ठेवा. आपल्या आडनावाचं इटालियन आणि जर्मन कारकुनांनी काय केलं असेल याचा नेम नाही. सैनिक क्रमांक असेल तर काम निम्मं होतं. जिनिव्हाच्या रेडक्रॉसकडे पकडलेल्यांच्या याद्या जात असत. त्यांच्याकडे चौकशी करता येते, पण अर्ज ठरावीक काळातच घेतात.

फौजेबद्दल: नेताजींनी जर्मनीत उभारलेल्या 'आझाद हिंद' लीजनमध्ये (सैन्यदलात) तीन हजारांच्या आतबाहेर माणसं होती. भरती आन्नाबुर्गच्या कैदी छावणीतून, प्रशिक्षण ड्रेस्डेनजवळ क्योनिग्सब्र्युकला. बहुसंख्य भारतीय कैदी त्यात गेले नाहीत. महत्त्वाचं म्हणजे तारखा बघा. लीजनने शपथ घेतली १९४२ मध्ये. पणजोबा १९४३ अखेरीपर्यंत इटलीत असतील तर पहिल्या भरतीत ते असणं कठीण. नंतर गेले असतील का, हे कार्डावरच्या छावण्यांच्या नोंदींवरून कळेल. कार्डावर एका छावणीतून दुसरीत पाठवल्याच्या तारखा असतात.

तोफखाना

आणि त्याआधी बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला पत्र टाका. क्रमांक, भरतीची तारीख, सेवेतून मुक्त झाल्याचं वर्ष. निवृत्तिवेतनाचं जुनं पुस्तक घरात असेल तर क्रमांक पहिल्या पानावरच मिळेल.

माळ्यावरची_ट्रंक

पुस्तक धाकट्या काकांकडे आहे, जे 'अजिबात नाही' म्हणतात ते. रविवारी जाऊन फोटो काढते आणि इथे क्रमांकाशिवाय बाकीचं पान टाकते. त्यावर मोडीत काहीतरी खरडलंय, ते वाचणारं कुणी आहे का इथे?

भोचक भवानी

मोडी मला येते. टाका.